उसवलेलं नाव

“मिट! तोंड मिट आधी! मिट म्हणते ना, मेल्या!”

मुलुंडच्या आमच्या चाळीच्या फाटकात, भर दुपारी, एका हातात कात्री धरून आणि दुसरा हात माझ्या तोंडावर गच्च दाबून मावशी ओरडत होत्या. माझ्या खांद्यावर गोणपाटात बांधलेली बर्फाची लादी. ती वितळून पाठीवरून पायजम्यात उतरत होती. मावशींच्या हाताला शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता आणि कात्रीचं टोक माझ्या नाकापासून दोन बोटांवर होतं. एरवी मी अर्धं बोट म्हटलं असतं. पण या गोष्टीत काही वाढवायचं नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं.

मी तेव्हा तिशीतला, मानेने बैल. त्या माझ्या कोपराएवढ्या. टाचा उंच करून त्यांनी माझं तोंड गाठलं होतं. तरी मला तो हात काढता येईना. कारण तो थरथरत होता. रागावलेल्या माणसाचा थरथरतो तसा नव्हे, भ्यायलेल्या माणसाचा थरथरतो तसा. मावशी भ्याल्यात, हे मला कळलं.

त्याआधी दोन क्षण काय झालं होतं, ते त्याच्या जागी सांगेन. ते सांगायला मला अजून धीर गोळा करावा लागतो.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याने केला. भांडुपच्या एका कारखान्यात मी फोरमन होतो. यंत्रांच्या खडखडाटात माणसांना हाका मारणं हे माझं अर्धं काम. त्यामुळे आवाज असा तयार झाला होता की मी चाळीच्या फाटकात हाक मारली की भांडुपच्या तबेल्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या.

हे मी एकदा मावशींसमोर म्हणालो. त्या मान वर न करता म्हणाल्या, “दोन टाके उसव.”

“बरं, भांडुपच्या नाही, नाहूरच्या.”

“अजून एक उसव.”

“आपल्या कोपऱ्यावरच्या तबेल्यातल्या.”

“हां. आता बसलं नीट.”

हे त्यांचं कायमचं. मागच्या डोंगरातून बिबटे खाली यायचे हे मुलुंडचा कुठलाही जुना माणूस सांगेल. त्यातले चार मी नुसत्या आवाजावर परत पाठवले होते. मावशींनी एक एक टाका उसवत त्या चार बिबट्यांचं शेवटी एक पिवळं कुत्रं केलं. आणि गंमत अशी की ते कुत्रंच होतं.

मावशी तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण अलिबागकडच्या गावातल्या, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या. नऊवारी लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, मराठी माझ्याहून स्वच्छ. खवल्यांची मासळी चालायची, कोळंबी नाही, त्यामुळे आमच्याकडे कोळंबीचं कालवण झालं की मी मुद्दाम त्यांच्या दारावरून मिटक्या मारत जायचो आणि त्या आतून म्हणायच्या, “खा, खा, समुद्रातले किडे खा.” शनिवारी मशीन बंद. ठाण्याला त्यांची प्रार्थनेची जागा होती, तिला त्या ‘मशीद’ म्हणायच्या, त्यामुळे चाळीत नवीन आलेलं बिऱ्हाड पहिला आठवडाभर बुचकळ्यात पडलेलं असायचं.

आणि त्यांचं नाव? ते आत्ता विचारू नका. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्याकडे ते राहिलंच नाही.

त्यांचा धंदा मात्र नावांचाच होता. हातरुमालावर, उशीच्या अभ्र्यावर, पोरांच्या दप्तरावर रेशमाने नाव काढून द्यायचं. देठाचा टाका, साखळी टाका. अक्षरं अशी, की माणसापेक्षा रुमाल सुशिक्षित वाटायचा. पण एक अट होती. कुणी रुमाल पुढे केला की चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणायच्या, “अर्थ सांग, मग टाका घालते.”

कोपऱ्यावरचा तबेलेवाला एकदा आला. नाव मारुती. लग्न ठरलेलं, सासरी दाखवायला सहा रुमाल हवे होते.

“अर्थ?”

“अर्थ कसला मावशी? देव आहे तो!”

“देवाच्या नावाला अर्थ नसतो होय रे?”

“असेल ना. पण तो देवाला माहीत असणार, मला कसा?”

“मग देवाला विचारून ये.”

तो खरंच देवळातल्या गुरवाला विचारून आला. मरुत म्हणजे वारा, वाऱ्याचा मुलगा तो मारुती. सहा रुमाल झाले. पुढे कित्येक दिवस तो दुधाचं माप घालताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, “माहितीये का, मी वाऱ्याचा मुलगा.” निम्म्या मुलुंडाला आपल्या नावाचा अर्थ मावशींमुळे कळला. बरं, निम्म्या नाही. आमच्या चाळीला आणि एका तबेल्याला.

मी विचारलं होतं, “मावशी, तुम्हाला काय करायचंय अर्थ घेऊन?”

“अर्थ न कळता एखादा शब्द कुणाच्या अंगावर कसा शिवू? उद्या उलटला म्हणजे?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी एखादी बाब थट्टेत बोलतात आणि थट्टेत घेत नाहीत. मला ते उशिरा कळलं.

आता आमच्या मुलीचं सांगतो. आमची पहिली दोन मुलं गेली. एक सहा महिन्यांचं, एक दीड वर्षाचं. तिसरी झाली तेव्हा मालवणहून आईचं पत्र आलं: ‘पोरीचं नाव धोंडी ठेव. धोंड्याक कोण न्येता?’ तुमच्याकडेही असतील असे धोंडू, दगडू, केरू. यमाला वाटावं, इथे काही घेण्यासारखं नाही. आम्ही मुकाट्याने धोंडी ठेवलं, आणि पोर टिकली. पाच वर्षांची झाली. गोल चेहरा, पुढचे दोन दात पडलेले. रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी फाटकातून हाक मारायचो, “धोंडेऽऽ!” आणि वरच्या गॅलरीतून ती माझ्याच आवाजात उत्तर द्यायची, “ओऽऽ!” ती ओ ऐकल्याशिवाय मी फाटकाच्या आत पाऊल टाकत नसे. दोन मुलं गेलेला बाप होतो. दिवसभर यंत्रांवर ओरडायचो, पण हाक आणि ओ यांच्या मधल्या एवढ्याशा वेळात रोज फाटकाची कडी घट्ट धरून उभा राहायचो.

तिचा उशीचा अभ्रा करायला दिला तेव्हा मावशींनी अर्थ विचारला. मी सांगितला, कारणही सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

“तुमच्याकडे वाईट नाव ठेवून फसवतात,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे चांगलं ठेवून. फसवायचं मात्र दोघांनाही असतंच.” आणि निळ्या रेशमाने अभ्र्याच्या कोपऱ्यात ‘धोंडी’ काढून दिलं, शेजारी एक छोटं फूल. फुलाचं काही घेतलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर चाळीच्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि धोंडीला मुदतीचा ताप आला.

हल्लीच्या लोकांना मुदतीचा ताप म्हणजे काय ते कळायचं नाही, ते त्याला टायफॉइड म्हणतात. तो येतो आणि सांगून ठेवल्यासारखा राहतो. तीन आठवडे तुम्ही दिवस मोजत बसायचं. तेव्हा नव्या कॅप्सूल निघाल्या होत्या, दादरहून आणाव्या लागायच्या, त्या मी आणल्या. मावशी दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेच. शिवणकाम बाजूला ठेवलं. अंथरूण धुणं, कपाळावर पट्ट्या, चमच्याने पेज. माझी बायको म्हणायची, “मावशी, तुम्ही जरा पडा.” त्या म्हणायच्या, “पडते, हिला उठू दे.”

सतराव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. ते सायकलवरून उतरताना शीळ घालायचे. त्या दिवशी घातली नाही. नाडी धरून बराच वेळ बसले. म्हणाले, “कॅप्सूल चालू ठेवा. डोक्यावर बर्फ ठेवा. आजचा दिवस काढू दे तिला.” चहा पुढे केला, तो घेतला नाही. जो डॉक्टर चहा न घेता जातो त्याच्या पाठीकडे बघत उभं राहणं काय असतं, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

ती डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. ओळखत नव्हती. आणि बोटांनी काहीतरी वेचत होती. चादरीवर काही नव्हतं, तरी वेचत होती. माझी आई म्हणायची, आजारी माणूस अंथरूण वेचायला लागलं की ओळखावं. मी ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“इकडे बघ,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चमत्कारिक झाला होता.

पोरीचा हात उशीकडे सरकला होता. नखाने ती अभ्र्याच्या कोपऱ्यातलं निळं रेशीम ओढत होती. आमच्या डोळ्यांदेखत एक टाका सुटला. मग दुसरा.

“स्वतःचं नाव उसवतेय ती,” मावशी म्हणाल्या.

मी आयुष्यात पुष्कळ भीतिदायक गोष्टी सांगितल्या आहेत आणि बहुतेक घरी बसून रचलेल्या आहेत. ही पाहिलेली आहे.

मावशींनी दार लोटलं. आमच्या दोघांसमोर बसल्या आणि भरभर बोलू लागल्या, जणू बाहेर कुणी थांबलंय.

“मी नऊ वर्षांची होते. गावाला. असाच ताप. आजीने बोलावलं मशिदीतल्या म्हाताऱ्याला. तो म्हणाला, हिचं नाव बदला. मरणाचा दूत येतो ना, तो नाव विचारत येतो. त्या नावाचं माणूस घरात नसलं की परत जातो. मग मला नाव दिलं हाया. आमच्या जुन्या भाषेतला, इब्रीतला शब्द. हाया म्हणजे जिवंत. जी जगतेय ती. मुलगा असला की हाईम, मुलगी असली की हाया. आजाऱ्याला हेच देतात. पहिल्या नावाने मला पुन्हा कुणी हाक मारली नाही. माझ्या सख्ख्या आईनेसुद्धा नाही.” त्यांनी पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. “माझ्यावर लागू पडलेलं नाव आहे. हिला देऊ?”

माझी बायको म्हणाली, “द्या. काय असेल ते द्या.”

“अर्थ कळला ना? अर्थ कळल्याशिवाय नको.”

“कळला हो मावशी!”

“आणि तुम्ही?” मी विचारलं. “तुम्हाला काय राहिलं?”

“मी मावशी आहे ना,” त्या म्हणाल्या आणि कात्री काढली.

अभ्र्यावरचं ‘धोंडी’ त्यांनी एक एक टाका करून उसवलं. फ्रॉकवरचं, दप्तरावरचंही. सगळे निळे धागे गोळा करून शेगडीत टाकले. मग अभ्रा उजेडाकडे धरला, आणि त्यांचा चेहरा पडला. धागा निघाला होता, पण सुईची भोकं राहिली होती. उजेडात ‘धोंडी’ स्वच्छ वाचता येत होतं.

त्यांनी बोट पाण्यात बुडवून ती भोकं चोळली. नखाने घासली. पुन्हा उजेडाकडे धरलं. पुन्हा घासली. शेवटी त्याच जागेवर, जरा जाड टाक्याने, तांबड्या रेशमात ‘हाया’ काढलं. फूल तेवढं निळंच राहू दिलं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या भाषेत काही म्हटलं. मला काही कळलं नाही, त्यात एकदा ‘हाया’ आलं तेवढं कळलं. मग त्या उठल्या, दार उघडलं आणि बाहेर कुणी नव्हतं तरी मराठीत मोठ्याने म्हणाल्या,

“धोंडी इथे राहत नाही. गेली इथनं. पत्ता माहीत नाही.”

नंतर घरोघर फिरून ताकीद दिली. ते नाव या चाळीत कुणी घ्यायचं नाही. चाळीने अशी पाळली ती ताकीद, की नळावर बायका कपडे आपटायच्या त्या धोंड्यालासुद्धा कुणी धोंडा म्हणेना. “अगो, जरा सरक, मला त्या... त्या ह्याच्यावर लुगडं आपटू दे.” एरवी मी यावर पोट धरून हसलो असतो. त्या सकाळी कुणी हसलं नाही. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या बाई कानावर हात ठेवून बसल्या होत्या, कुणी चुकून बोललंच तर आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून.

मी बर्फ आणायला गेलो. वखार स्टेशनच्या पलीकडे. वखारवाला म्हणाला, संपला. मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही, पण त्याने भुशातून शेवटची लादी काढून दिली. ती खांद्यावर घेऊन मी धावत सुटलो. एकच विचार होता: वितळायच्या आत पोचायचं. मिळाला, मिळाला, मिळाला असं तोंडाने म्हणत होतो. फाटक दिसलं. आणि रोज फाटक दिसल्यावर माझं तोंड जे करायचं ते त्याने केलं.

“धोंडेऽऽ! बर्फ आणला बघ!”

कावळे उडाले, कुत्री रडली, असं मी सांगू शकतो. तसं काही झालं नाही. काहीच झालं नाही, हेच भयंकर होतं. नळावरच्या बायका हात वर धरलेल्या तशाच थांबल्या. वर गॅलरीत माझी बायको आली आणि तिने पदर तोंडात कोंबला. माझी हाक वर गेली, गॅलरीभर फिरली, आणि कुणी घेईना म्हणून तिथेच लोंबकळत राहिली. मला कळलं, मी काय केलं. बाहेरच्या बाहेर परत निघालेल्या त्या दूताला मी, तिच्या बापाने, घर दाखवलं होतं.

आणि तेवढ्यात तळमजल्यावरून, जिन्याखालच्या खोलीतून आवाज आला.

“ओऽऽ! आले!”

हातात कात्री घेऊन मावशी धावत बाहेर आल्या. पोरीचा आवाज काढला वगैरे नाही. आपल्याच आवाजात, पण साऱ्या चाळीला, रस्त्याला, जो कोणी ऐकत असेल त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आले आले! मीच!”

मी बावळटासारखं तोंड उघडलं. ‘तुम्हाला नव्हे मावशी’ असं म्हणणार होतो. त्यांनी झडप घालून ते तोंड दाबलं. बाकीचं तुम्ही सुरुवातीला पाहिलंच आहे.

हात काढल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “धोंडीला हाक मारलीस, धोंडी आली. झालं? आता वर जा आणि हायाच्या डोक्यावर बर्फ ठेव.”

मी वर गेलो.

तो दिवस पोरीने काढला. दुसराही काढला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिच्या कपाळाला दरदरून घाम फुटला, तिने डोळे उघडले आणि आईला म्हणाली, “भूक.” माझी बायको जी रडायला लागली ती पेज उतू जाईपर्यंत थांबली नाही. मी गॅलरीत गेलो, ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काय नावाने ओरडू?

डॉक्टर शीळ घालत आले. दोन कप चहा प्यायले.

पोर उठून बसायला लागल्यावर पंधराएक दिवसांनी मी मावशींच्या खोलीत गेलो. मारुतीसाठी त्या आणखी सहा रुमाल करत होत्या. लग्नानंतर बायकोच्या नावाचे. टाके वाकडे पडत होते. त्यांचा टाका वाकडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. कपाळावर हात ठेवला, तर तवा. आठ दिवस ताप अंगावर काढला होता आणि कुणाला बोलल्या नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, “तीन आठवडे त्या पोरीची अंथरुणं धुतली, ताप तिथूनच आला. दुसरं काही मनात आणू नका.” डॉक्टरांचं बरोबर असणार. मी कारखान्यातला माणूस, मला जंतू मान्य आहेत. कॅप्सूल मी दुसऱ्याच दिवशी आणल्या. पण दुपारी यंत्रांच्या आवाजात उभा असलो की मला ती एकच ओ ऐकू यायची, आणि हाताखालची माणसं विचारायची, “काय झालं साहेब, भूत बघितलं काय?”

चाळीतल्या बायकांनी मग काय केलं पाहा. एक एक करून मावशींच्या उशाशी गेल्या.

“मावशी, माझं नाव घ्या. गोदावरी. दक्षिणेची गंगा.”

मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, “नदीचं नाव आहे. अर्थ सांग.”

“अर्थ... नदीच की.”

“विचारून ये.”

दुसरी म्हणाली, “माझं चंपा घ्या हो, फुलाचं आहे.” मावशी म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला मग काय हाक मारायला सांगू?” सगळ्या हसल्या आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडल्या.

ठाण्याहून त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ आले, काळी टोपी, हातात पोथी. मी दारात उभा होतो. त्यांनी विचारलं, “बाई, तुमचं नाव हाया ना? याहून मोठं नाव आमच्याकडे नाही. आता काय बदलून देऊ?”

“ते माझ्याकडे नाही,” मावशी म्हणाल्या.

“मग काय आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

“असू दे काका,” त्या म्हणाल्या. “एकदा मी फसवलं, एकदा या पोरीने. तिसऱ्यांदा तो चष्मा लावून येईल.”

म्हाताऱ्यांनी तरी बसून सगळी प्रार्थना म्हटली.

मावशी गेल्या. या गोष्टीत मी काही वाढवलेलं नाही, हे आता तुम्हाला पटेल. वाढवायचं असतं तर मी त्यांना वाचवलं असतं.

ठाण्याला त्यांच्या लोकांनी दफन केलं. मीही खांदा दिला. पुढे दगड बसवला. त्यावर कोणतं नाव कोरलंय ते मी आजवर बघायला गेलेलो नाही. ‘हाया’ असो की ‘धोंडी’, दोन्हींची मला भीती वाटते.

मुलगी हायाच राहिली. शाळेत मास्तरांनी आपल्या मनाने ‘छाया’ लिहिलं, मी जाऊन खोडायला लावलं. लग्नात सासरच्यांनी रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून आणले, सुनेचं नवं नाव लिहायला. जावई अंगठी घेऊन बसला. मी भर मांडवात ओरडलो. कारखाना सोडून किती वर्षं झाली होती, पण तो आवाज निघाला आणि सनईवाला थांबला. “नाव बदलायचं नाही! हवं तर लग्न मोडा!” लग्न मोडलं नाही. विहीणबाई मात्र आजही मला वेडा समजतात. जावयाने तांदळात ‘हाया’च लिहिलं आणि मला हळूच विचारलं, “बाबा, अर्थ काय या नावाचा?” मी सांगितला. अर्थ कळल्याशिवाय नको.

तो अभ्रा माझ्याकडे आहे. उजेडाकडे धरला की तांबड्या अक्षरांच्या मधून ती भोकं अजून दिसतात. मी धरत नाही.

मावशी गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मशीनवर पांढरी खोळ घातलेली, शनिवारी असते तशी. इतके दिवस जे विचारायला घाबरत होतो ते मी शेवटी विचारलं.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही ‘आले’ का म्हणालात?”

त्यांनी डोळे उघडले. जरा वैतागल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

“अरे, तू हाक मारलीस,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी ओ द्यायला नको?”